हिरवळ कुणाच्या पाण्यावर?

सॅन होजे, सनीवेल, फ्रीमाँट या भागात मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेल्या आईबाबांना एका शनिवारी हमखास ‘17 माइल ड्राइव्ह’ला नेतात. दक्षिणेकडे दीड-दोन तासांचा प्रवास, मग मॉन्टेरीचं द्वीपकल्प, आणि पैसे भरून आत शिरलं की पाइन-सायप्रसच्या जंगलातून जाणारा समुद्राकाठचा रस्ता. खडकाच्या टोकावर एकटं उभं असलेलं ते प्रसिद्ध सायप्रसचं झाड, खाली पॅसिफिकच्या लाटा, आणि थोडं पुढे पेबल बीचचं गोल्फ मैदान. घरी पाठवलेल्या फोटोंत झाडापेक्षा ती हिरवळच जास्त डोळ्यांत भरते. समुद्राच्या ऐन कड्यावर, वर्षातले सहा-सात महिने पाऊस नसलेल्या मुलखात ती बारा महिने हिरवीगार असते.

ती पोसली जाते सांडपाण्यावर. कार्मेल गावातल्या आणि त्या जंगलातल्या बंगल्यांतल्या संडास-मोऱ्यांचं पाणी शुद्ध करून ते या मैदानांवर शिंपडलं जातं. कॅलिफोर्नियात असं पाणी वापरायचं तर लोक जिथे ये-जा करतात तिथे किमान चार इंच उंच आणि आठ इंच रुंद पाटी लावण्याचा नियम आहे. पुनर्वापराचं पाणी, पिऊ नये, एवढाच तिच्यावरचा मजकूर. हे पाणी वाहून नेणारे पाइप जांभळे असतात, म्हणजे काम करणाऱ्याने चुकून त्यांना पिण्याच्या पाण्याचे नळ समजू नये.

गोल्फसाठी सांडपाणी वापरणं अमेरिकेत नवं नाही. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गने 1977 पासून, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनने 1984 पासून शहरभर वेगळे नळ टाकून ते केलं. तरी मला पेबल बीचचीच गोष्ट सांगावीशी वाटते. अशा योजनेत काय काय अडतं, पैसा कुठून येतो, आणि वाचलेल्या पाण्याचा मालक कोण ठरतो, हे सगळं तिथे एकाच गावात, कागदोपत्री, उघडपणे दिसतं.

मॉन्टेरी द्वीपकल्पाला बाहेरून पाणी येत नाही. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारे मोठे कालवे इथवर पोहोचत नाहीत, कोलोरॅडो नदीही नाही. आहे ती कार्मेल नदी, जेमतेम 58 किलोमीटर लांबीची, आणि सीसाइड गावाखालचं भूजल. हिमालयासारखा किंवा सिएरासारखा बर्फाचा साठा या नदीच्या उगमाशी नाही. हिवाळ्यात पाऊस पडला तर ती वाहते, उन्हाळ्यात तिचा खालचा भाग कोरडा पडतो.

या नदीवरचा पहिला मोठा घाला गावाने घातला नाही, हॉटेलाने घातला. रेल्वेवाल्या धनिकांनी 1880 मध्ये मॉन्टेरीला ‘हॉटेल डेल मॉन्टे’ उभारलं. पाहुण्यांना आणि बागांना पाणी पुरेना म्हणून 1883 मध्ये कार्मेल नदीवर दगडी बंधारा बांधला. तो बांधला सुमारे सातशे चिनी मजुरांनी. त्यांच्यातल्या कुणाचं नाव आज तिथे सहजी सापडत नाही, रेल्वेवाल्यांची नावं मात्र रस्त्यांना आहेत. पुढे 1919 मध्ये याच मालमत्तेत पेबल बीचचं मैदान खुलं झालं. 1921 मध्ये सॅन क्लेमेंटी हे 106 फुटी धरण आलं, 1949 मध्ये लॉस पॅड्रेस. दोन्ही धरणं गाळाने भरत गेली आणि पाण्याचा मुख्य भार नदीकाठच्या विहिरींवर पडला. हॉटेल, मग गोल्फ, मग गाव, अशा क्रमाने त्या नदीचं पाणी वाटलं गेलं. हा क्रम लक्षात ठेवला नाही तर पुढचा व्यवहार नीट कळत नाही.

1976 आणि 1977 ही कॅलिफोर्नियातली कडक दुष्काळाची वर्षं. घरोघरी पाण्याला कात्री लागली. 1977 ची पीजीए चॅम्पियनशिप पेबल बीचवर झाली तेव्हा फेअरवे, म्हणजे खेळाचे मोठे हिरवे पट्टे, वाळून तपकिरी पडलेले सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. मैदानाच्या मालक कंपनीला त्याचा धसका बसला असणार. आंघोळीचं पाणी मोजून वापरणाऱ्या माणसाला शेजारचं मैदान पिण्याच्या पाण्याने भिजताना दिसलं, तर ते फार काळ चालू शकत नाही. त्याच दुष्काळातून मॉन्टेरीचं पाणी व्यवस्थापन मंडळ जन्माला आलं. 1978 मध्ये मतदारांनी त्याला मंजुरी दिली.

आता दुसऱ्या बाजूला बघा. कार्मेल नदी समुद्राला मिळते तिथे, खाजणाच्या काठावर, कार्मेलचं मैलाशुद्धीकरण केंद्र आहे. गावाचं आणि पेबल बीचच्या वस्तीचं सांडपाणी इथे येतं आणि प्रक्रिया होऊन कार्मेलच्या उपसागरात जातं. हा उपसागर जैवविविधतेसाठी राज्याने खास राखीव ठरवलेला आहे. म्हणजे एकीकडे नदीतून चांगलं पाणी उपसून ते गवतावर टाकायचं, आणि दुसरीकडे वापरलेलं पाणी जपून ठेवायच्या समुद्रात सोडायचं. हे दोन पाइप एकमेकांना जोडावेत, हे सुचायला फार मोठी बुद्धी लागत नाही. ते जोडायला पैसा लागतो.

पैसा असा उभा राहिला. पाणी मंडळाने 1992 च्या अखेरीस सुमारे 3 कोटी 39 लाख डॉलर्सचे रोखे काढले. त्यांची हमी मैदानाची मालक असलेल्या पेबल बीच कंपनीने घेतली. सरकारी तिजोरीतून किंवा नागरिकांच्या पाणीपट्टीतून हा बोजा उचलला गेला नाही. बदल्यात काय? मैदानांवर पुनर्वापराचं पाणी आल्यामुळे पिण्याचं जे पाणी वाचेल, त्यातल्या वर्षाला 380 एकर-फूट पाण्यावर हक्क. त्यातला 365 एकर-फुटांचा हक्क एकट्या कंपनीचा. एक एकर-फूट म्हणजे 12 लाख 33 हजार लिटर. 380 एकर-फूट म्हणजे वर्षाला जवळपास 47 कोटी लिटर पिण्याचं पाणी. हे पाणी कंपनीने आपल्या जंगलातल्या नव्या घरांना, नव्या बांधकामाला वापरावं.

करार म्हणून तो सरळ होता, कुणी काही लपवलं नाही. तरी मला तो खटकतो. मैदानाने नदीचं पाणी सोडलं, ते नदीला परत मिळालं का? अर्धंच. उरलेलं पाणी बंगल्यांच्या खात्यावर आधीच लिहून झालं होतं.

1994 मध्ये पहिलं पुनर्वापराचं पाणी मैदानांवर आलं. पेबल बीच, स्पायग्लास हिल, स्पॅनिश बे, सायप्रस पॉइंट, पॉपी हिल्स, मॉन्टेरी पेनिन्सुला कंट्री क्लब, गोल्फ खेळणाऱ्यांच्या तोंडी असणारी ही सगळी नावं एकाच नळावर आली. आणि गवत आजारी पडलं.

हा भाग सावकाश सांगायला हवा, कारण सांडपाण्याच्या प्रत्येक योजनेत तो येतो आणि उद्घाटनाच्या भाषणात तो कधीच येत नाही.

मैलाशुद्धीकरणात काय काढतात? घन पदार्थ, सेंद्रिय घाण, जंतू. कॅलिफोर्नियाचा यातला नियम कडक आहे. माणसांचा वावर असलेल्या हिरवळीवर टाकायचं पाणी गाळून, निर्जंतुक करून असं असावं लागतं की 100 मिलिलिटरमध्ये कॉलिफॉर्म जंतूंचं मध्यक प्रमाण 2.2 च्या वर जाता कामा नये. डोळ्यांना ते नळाच्या पाण्यासारखंच दिसतं. पण विरघळलेलं मीठ या प्रक्रियेत निघत नाही. आपण जेवणातून खातो ते मीठ, साबण आणि डिटर्जंट, पाणी मऊ करणाऱ्या यंत्रांतलं मीठ, किनाऱ्यावरच्या जुन्या गटारांच्या भेगांतून झिरपणारं समुद्राचं पाणी, या सगळ्याचं सोडियम गाळणीतून सरळ पलीकडे जातं.

पेबल बीचच्या ग्रीनवर, म्हणजे ज्या वर्तुळात भोक असतं आणि चेंडू हलक्या हाताने ढकलतात तिथे, पोआ अ‍ॅनुआ नावाचं गवत आहे. इतर अनेक मैदानांवर ते तण मानून उपटतात. इथल्या धुक्यात आणि गारव्यात ते इतकं माजलं की तेच ग्रीनचं गवत झालं. ते तीन मिलिमीटरच्या आसपास कापलेलं ठेवतात. इतकं खुजं ठेवलेलं गवत मुळांनीही उथळ राहतं. त्याला वरच्या दोन-तीन इंचांत जे मिळेल त्यावर जगायचं असतं. आणि मीठ साचतं ते नेमकं तिथेच. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागे राहतं. पानांची टोकं पिवळी पडतात, मग तपकिरी. मुळाशी ओल असूनही रोप तहानलेलं राहतं, कारण खाऱ्या ओलीतून पाणी ओढून घेण्याची ताकद त्याच्यात नसते.

त्याहून वाईट काम सोडियम मातीत करतं. मातीचे बारीक कण कॅल्शियमने एकमेकांना धरून ठेवलेले असतात. सोडियम वाढलं की ते कॅल्शियमला हुसकून त्याची जागा घेतं, कण सुटे होतात, फुगतात आणि भोकं बुजवतात. वरचं पाणी वरच थांबतं, खाली हवा जात नाही. सांगली-शिरोळच्या ऊसवाल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. क्षारपड आणि चोपण जमीन त्याने डोळ्यांसमोर वाढताना पाहिली आहे, चर खणले आहेत, जिप्समची पोती ओतली आहेत. जगातल्या अत्यंत महागड्या गोल्फ मैदानाचा रोग आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानाचा रोग यांच्या मुळाशी मातीत घडणारी गोष्ट तीच आहे.

उपायही तोच, गोड्या पाण्याने मीठ खाली धुऊन काढणं. मैदानांच्या व्यवस्थापकांना तेच करावं लागलं. ठरावीक काळाने ग्रीन पिण्याच्या पाण्याने धुवायचे, म्हणजे साचलेलं मीठ मुळांच्या खाली जाईल. उन्हाळ्यात गवताची तहान केंद्राच्या क्षमतेपेक्षा जास्त असायची, तेव्हाही पिण्याचंच पाणी. ज्या पाण्याला वाचवण्यासाठी कोट्यवधी डॉलर्स घातले, ते पुन्हा गवतावर जाऊ लागलं. वाचलं नाही असं नाही, बरंच वाचलं. पण ठरल्यापेक्षा कमी.

इथे दोन वाटा होत्या. ‘प्रकल्प यशस्वी’ असा फलक लावून थांबता आलं असतं. त्यांनी थांबायचं नाकारलं, आणि याचं श्रेय द्यायला हवं. दुसरा टप्पा दोन कामांचा होता. पहिलं काम साठवणीचं. जंगलात फॉरेस्ट लेक नावाचा एकोणिसाव्या शतकातला जुना जलाशय पडून होता. भूकंपाच्या दृष्टीने तो सुरक्षित नव्हता. त्याची डागडुजी करून 2006 पर्यंत तो पुनर्वापराच्या पाण्यासाठी सज्ज केला, सुमारे 325 एकर-फूट, म्हणजे 40 कोटी लिटरचा. हिवाळ्यात मैदानांना पाणी नको असतं आणि सांडपाणी मात्र रोज येतंच. ते आता साठवून उन्हाळ्यात वापरता येऊ लागलं. दुसरं काम मिठाचं. आपल्या स्वयंपाकघरात असतो तसाच आरओ, फक्त केंद्राच्या आकाराचा. आधी सूक्ष्म गाळणी, मग पडद्यातून दाबाने पाणी ढकलणं. 2009 पर्यंत हे सुरू झालं. सोडियम लिटरमागे 55 मिलिग्रॅमच्या खाली आणायचं, हे लक्ष्य होतं. जुन्या पाण्यात ते त्याच्या दुपटीहून जास्त असे. त्यानंतर मैदानांना पिण्याच्या पाण्याची गरज उरली नाही. 2010 आणि 2019 च्या यूएस ओपन स्पर्धा टीव्हीवर पाहिलेल्यांनी जी हिरवळ पाहिली, ती या नव्या पाण्याची.

आणि हा दुसरा टप्पा कशातून उभा राहिला? कंपनीने आपल्या 365 एकर-फुटांच्या हक्कातलं 175 एकर-फूट पाणी जंगलातल्या घरमालकांना विकायचं ठरलं. भाव होता एकर-फुटाला अडीच लाख डॉलर्स. लक्षात घ्या, पाणी नव्हे, पाणी मिळण्याचा हक्क, पाण्याचं बिल वेगळं. ज्याला आपल्या बंगल्यात आणखी दोन न्हाणीघरं बांधायची होती, त्याने या भावाने हक्क विकत घेतला आणि त्या पैशातून आरओ आला.

जंगलाच्या फाटकाबाहेर काय चाललं होतं तेही सांगतो. मॉन्टेरी, पॅसिफिक ग्रोव्ह, सीसाइड या गावांत घराला एक जादा संडास बसवायचा तरी पाणी मंडळाचा परवाना लागतो. प्रत्येक नळाला, टबाला, शॉवरला गुण ठरलेले आहेत आणि तुमच्या जागेच्या नावावर गुण शिल्लक नसतील तर काम होत नाही. 1995 मध्ये राज्याच्या जल नियंत्रण मंडळाने हिशेब मांडला. इथली खासगी पाणी कंपनी नदीतून वर्षाला सुमारे 14,106 एकर-फूट पाणी घेत होती. तिचा कायदेशीर हक्क होता 3,376 एकर-फुटांचा. उरलेलं 10,730 एकर-फूट बेकायदा. आपल्या मापात ते सगळं मिळून 0.6 टीएमसीच्या आसपास भरतं. आपल्याकडच्या धरणांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण 58 किलोमीटरच्या नदीचा जीव त्यातच जात होता.

कार्मेल नदीत स्टीलहेड नावाचा मासा येतो. जन्म गोड्या पाण्यात, वाढ समुद्रात, आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत. नदीचं मुख कोरडं पडलं, खाजण आटलं, की ही वारी तुटते. 1997 मध्ये या भागातला स्टीलहेड संकटग्रस्तांच्या केंद्रीय यादीत गेला. 2009 मध्ये राज्याने बेकायदा उपसा बंद करण्याचा आदेश दिला आणि नव्या जोडण्या थांबल्या. पेबल बीचच्या हक्काच्या पाण्याला मात्र वाट मोकळी राहिली, कारण तो हक्क प्रकल्पाच्या मोबदल्यात आधीच दिलेला होता. गावातल्या तरुण जोडप्याला मागच्या अंगणात खोली बांधता येईना आणि जंगलात नवा बंगला उठू शके. कायद्याने यात काही चुकीचं नाही. न्यायाच्या दृष्टीने आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. खर्च ज्याने केला त्याला मोबदला मिळावा, हे मान्य. पण नदीतून वाचवलेल्या पाण्यावर पहिला हक्क नदीचा, मग ज्या गावाने कपात सोसली त्याचा, आणि मग उरलं तर बांधकामाचा असायला हवा होता. इथे बांधकामाचा वाटा आधीच बाजूला काढला गेला.

याच जिल्ह्यात सांडपाण्याची दुसरी उदाहरणंही आहेत. उत्तरेला कॅस्ट्रोव्हिलच्या परिसरात 1998 पासून सुमारे 12,000 एकर भाजीपाला पुनर्वापराच्या पाण्यावर पिकतो. आर्टिचोक, लेट्यूस, फ्लॉवर, स्ट्रॉबेरी. यातलं बरंच लोक कच्चं खातात, म्हणून त्याआधी ऐंशीच्या दशकात पाच वर्षं प्रत्यक्ष शेतावर प्रयोग करून माती, पाणी आणि पीक तपासलं गेलं. पॅसिफिक ग्रोव्ह नगरपालिकेने तर 2017 मध्ये आपलं स्वतःचं छोटं केंद्र उभं केलं. त्याचं पाणी जातं नगरपालिकेच्या मैदानावर, जिथे सामान्य माणूस परवडेल अशा पैशांत गोल्फ खेळतो, आणि शेजारच्या दफनभूमीच्या गवतावर.  मला हे केंद्र पेबल बीचच्या केंद्राइतकंच मोलाचं वाटतं.

2020 पासून ‘प्युअर वॉटर मॉन्टेरी’ प्रकल्पात सांडपाणी, शेतमाल धुतलेलं पाणी आणि पावसाचं पाणी एकत्र घेऊन, ओझोन, सूक्ष्म गाळणी, आरओ आणि अतिनील किरण अशा चार पायऱ्यांतून काढून सीसाइडच्या भूजलात सोडतात आणि नंतर तेच पिण्यासाठी उपसतात. सुरुवातीला ही योजना वर्षाला 3,500 एकर-फुटांची होती. हे पाणी हाती आल्यावरच 2021 च्या अखेरीस नदीचा बेकायदा उपसा संपवता आला. सॅन क्लेमेंटी धरण त्याआधीच, 2015 मध्ये, पाडलं गेलं होतं.

आक्षेप उरतातच. आरओतून निघालेलं खारट पाणी पुन्हा कार्मेलच्या उपसागरातच जातं. वीज लागते. आणि एक प्रश्न कितीही शुद्धीकरण केलं तरी सुटत नाही, तो म्हणजे सागरकड्यावर, कोरड्या उन्हाळ्यात, इतकं गवत मुळात हवंच का? पॉपी हिल्सने 2014 मध्ये मैदान नव्याने बांधताना सिंचनाखालची बरीच जमीन कमी केली, कडेचा भाग वाळू आणि पाइनच्या सुयांवर सोडला. खेळ तसाच चालू आहे. प्रत्येक मैदानाने सांडपाणी मागण्याआधी हे करायला हवं.

आपल्याकडे ही देवघेव नवीन नाही, फक्त हिरवळीच्या जागी दुसरं काहीतरी आहे. नागपूरचं भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना जातं, महापालिकेला त्याचे पैसे मिळतात आणि वीजकेंद्रांसाठीचं पेंचचं पाणी तेवढ्या प्रमाणात मोकळं होतं. पुण्यात मुंढव्याच्या जॅकवेलमधून प्रक्रिया केलेलं पाणी बेबी कालव्याने दौंडकडच्या शेतीला द्यायचं आणि त्या बदल्यात शहराने खडकवासल्यातून जादा पाणी घ्यायचं, असा वर्षाला साडेसहा टीएमसीचा करार आहे. तो पेबल बीचच्या कराराचाच भाऊ आहे, फक्त कितीतरी मोठा. शहराला मिळतं धरणाचं पाणी, शेतकऱ्याला शहराचं वापरलेलं. त्या पाण्यात सोडियम किती, ते कोण मोजतं, आणि चोपण झालेल्या रानाची भरपाई कोण देणार, हे या करारातले खरे मुद्दे आहेत. पेबल बीचच्या गवताला पिण्याच्या पाण्याने धुण्याची सोय होती. दौंडच्या उसाला ती नाही.

महाराष्ट्रातल्या महापालिका दरवर्षी पर्यावरण स्थिती अहवाल काढतात. तुमच्या शहराचा ताजा अहवाल मिळवा आणि सांडपाण्याचं प्रकरण वाचा. किती पाणी शुद्ध झालं एवढ्यावर थांबू नका. ते कुणाला दिलं, त्यातल्या क्षारांचा आकडा छापला आहे का, आणि त्यामुळे वाचलेलं धरणाचं पाणी कुणाच्या नावावर लागलं, हे शोधा. छापलेलं नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा.